हे पैसे मला कोण देणार?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

«मी ३४ वर्षांची आहे. नोकरी करते, थोडीफार बचत होते आणि ती तशीच खात्यात पडून राहते. मधल्या सुट्टीत सहकारी शेअर, बॉण्ड, एनएव्ही, पीई, इंडेक्स फंड असं काय काय बोलत असतात आणि मी नुसती मान डोलावते. या वयात ‘म्हणजे काय?’ असं विचारायची लाज वाटते. आता नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी एक योजना आणली आहे. दरमहा चार टक्के, हमखास. महिनाअखेरपर्यंत त्यांना उत्तर हवं आहे. ‘शिकत बसलीस तर संधी हातची जाईल,’ असं ते म्हणतात. मला हे शब्द समजावून सांगाल का? आणि माझ्यासाठी कोणता शेअर चांगला, तेही सांगा. — मान डोलावणारी»

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातला तातडीचा भाग महिनाअखेरीचा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते: त्या योजनेत पैसे घालू नका. कारणं पुढे येतीलच. ती वाचून झाल्यावर तुम्हाला माझ्या शब्दावर विसंबावं लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

लाजेबद्दल एवढंच सांगते की हे शब्द सराईतपणे वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नुसते ऐकून उचललेले असतात. ‘अमक्याचा पीई फार वाढलाय’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एकदा शांतपणे विचारा, ‘म्हणजे नेमकं कशाच्या मानाने काय वाढलंय?’ खरंच समजलेला माणूस आनंदाने सांगेल. ज्याला समजलेलं नाही तो विषय बदलेल. दोन्हीतून तुम्हाला काहीतरी कळेलच.

शब्दांची यादी करून पाठ करू नका, ती आठवडाभरात विसरली जाते. त्यापेक्षा एक प्रश्न जवळ ठेवा आणि समोर येणाऱ्या प्रत्येक शब्दाला तो विचारा: हे पैसे मला कोण देणार, कशातून देणार, आणि दिले नाहीत तर माझ्या हाती काय राहणार? गुंतवणुकीतले बहुतेक शब्द या प्रश्नाच्या कुठल्या ना कुठल्या भागाचं उत्तर असतात. या पत्रात मी तोच प्रश्न धरून चालणार आहे.

पैसे कामाला लावायचे मुख्य मार्ग दोन. एक तर तुम्ही एखाद्या व्यवसायात मालक म्हणून शिरता, नाहीतर कुणाला तरी कर्ज देता. शेअर म्हणजे मालकी, बॉण्ड म्हणजे कर्ज. मुदत ठेवही कर्जच, फक्त कर्ज घेणारी बँक असते. सोनं, जमीन, घर यांची गोष्ट थोडी वेगळी. घराला भाडं येऊ शकतं, पण सोनं स्वतः काहीच कमावत नाही. उद्या कुणी जास्त किंमत दिली तरच त्यात नफा.

शेअर किंवा समभाग म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा वाटा. ही कल्पना चारशे वर्षांहून जुनी आहे. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने लोकांकडून भांडवल गोळा केलं, तेव्हा नेदरलँड्समध्ये कुणालाही त्यात पैसे घालता येत होते. ॲम्स्टरडॅममध्ये एका संचालकाच्या घरी नोंदणी चालली होती आणि त्याच घरात काम करणाऱ्या बाईनेही १०० गिल्डर लावल्याची नोंद त्या वहीत सापडते. जहाजं सुखरूप परतली आणि माल विकला गेला तर नफ्यात वाटा. बुडाली तर लावलेले पैसे गेले. यातलं महत्त्वाचं असं की आजही शेअरधारकाचं नुकसान त्याने लावलेल्या रकमेपुरतंच मर्यादित राहतं. कंपनी कर्जात बुडाली तरी तिला कर्ज देणारे तुमच्या दारात येत नाहीत. यालाच मर्यादित दायित्व म्हणतात.

आता आपला प्रश्न विचारा. शेअरवर पैसे कोण देणार? एक तर कंपनी, लाभांश म्हणून. लाभांश म्हणजे नफ्यातला जो हिस्सा कंपनी वाटून टाकायचं ठरवते तो. वाटलाच पाहिजे असं बंधन सहसा नसतं; वाढणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा सगळा नफा धंद्यातच परत घालतात. लाभांश म्हणजे वर मिळालेली बक्षिसी असंही समजू नका. तेवढे पैसे कंपनीच्या तिजोरीतून बाहेर गेलेले असतात, त्यामुळे वाटपाच्या सुमारास शेअरची किंमतही साधारण तेवढ्याने खाली येते. पैसे देणारा दुसरा म्हणजे तुमच्याकडून शेअर विकत घेणारा. खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकाला भांडवली नफा म्हणतात, उलट झालं तर भांडवली तोटा. आणि दोघांनीही काही दिलं नाही तर? कंपनी दिवाळखोरीत गेली तर आधी कर्ज देणाऱ्यांचे पैसे भागवले जातात, उरलं तर शेअरधारकांना. बहुतेक वेळा काही उरत नाही. मालकाला वाढीचा सगळा फायदा मिळतो तो याच धोक्याच्या बदल्यात.

शेअरच्या किमतीबद्दल नवख्यांची एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबते. १० ला मिळणारा शेअर स्वस्त आणि २,००० ला मिळणारा महाग, असं वाटणं साहजिक आहे. पण एका शेअरची किंमत एकटी काहीच सांगत नाही, कारण कंपनीचे तुकडे किती केलेत ते आपल्याला ठाऊक नसतं. पहिल्या कंपनीचे १०० कोटी शेअर असतील तर बाजाराच्या लेखी अख्ख्या कंपनीची किंमत झाली १,००० कोटी. दुसरीचे १० लाख शेअर असतील तर तिची झाली २०० कोटी. म्हणजे ‘महाग’ शेअरची कंपनी ‘स्वस्त’ शेअरच्या कंपनीच्या एकपंचमांश निघाली! एका शेअरची किंमत गुणिले शेअरची संख्या, याला बाजारमूल्य म्हणतात. लार्ज कॅप, मिड कॅप, स्मॉल कॅप हे शब्द याच बाजारमूल्यावरून आलेले आहेत.

मग महाग-स्वस्त ठरवायचं कसं? तिथे पीई येतो. कंपनीच्या वर्षाच्या नफ्याला शेअरच्या संख्येने भागलं की एका शेअरच्या वाट्याचा नफा मिळतो. शेअरची किंमत त्याच्या किती पट आहे, तो पीई. शेअर २०० ला आणि वाट्याचा नफा १० असेल तर पीई २०. म्हणजे आज १ कमावणाऱ्या धंद्यासाठी लोक २० मोजायला तयार आहेत. पीई जास्त असेल तर लोकांना पुढे नफा वाढण्याची मोठी आशा आहे, कमी असेल तर आशा कमी आहे किंवा काहीतरी खुपतं आहे. कमी पीई म्हणजे हमखास सौदा असं मात्र नाही. बुडायला आलेल्या कंपनीचा पीईसुद्धा कमी दिसू शकतो, कारण नफ्याचा आकडा मागच्या वर्षीचा असतो आणि किंमत आजची.

आता कर्जाची बाजू. बॉण्डला मराठीत रोखे म्हणतात. सरकार किंवा कंपनी लोकांकडून ठरावीक मुदतीसाठी पैसे घेते, दरवर्षी ठरलेलं व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल परत करते. छापलेली मूळ रक्कम ती दर्शनी किंमत, ठरलेलं व्याज ते कूपन. कोण देणार? कर्ज घेणारा. कशातून? सरकार करातून, कंपनी कमाईतून. तुम्ही मालक नाही, त्यामुळे कंपनीचा नफा दसपट झाला तरी तुमच्या व्याजात तिळमात्र वाढ होत नाही. पण पैसे परत मिळण्याच्या रांगेत तुम्ही मालकांच्या पुढे उभे असता.

रोख्यांची जी गोष्ट सगळ्यांना चक्रावून टाकते ती ही: व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत घसरते. हे नीट समजून घ्या, कारण ‘रोखे म्हणजे सुरक्षित’ एवढंच ऐकून त्यात उतरणारे इथेच गोंधळतात. समजा तुमच्याकडे १,००० दर्शनी किमतीचा, १० वर्षांचा, ५ टक्के व्याजाचा रोखा आहे. दरवर्षी ५० मिळतात. उद्या तशाच खात्रीचे नवे रोखे ७ टक्क्यांनी मिळू लागले. आता तुमचा ५० देणारा रोखा कुणी १,००० ला का घेईल? त्याला तेवढ्याच पैशात ७० देणारा मिळतो. तो तुमच्याकडून घेईल, पण कमी किमतीला, साधारण ८६० ला. मुदत फक्त एक वर्ष उरलेली असती तर ही घसरण १,००० वरून ९८० च्या आसपास येऊन थांबली असती. मुदत जितकी लांब तितका हा झोका मोठा. तुम्ही मुदत संपेपर्यंत थांबलात तर पूर्ण १,००० मिळतात. मधेच पैशांची निकड लागली तर तोटा खरा होतो.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिने ठेवीदारांचा बराच पैसा लांब मुदतीच्या सरकारी आणि सरकारी पाठबळाच्या रोख्यांत ठेवला होता. २०२२ पासून व्याजदर झपाट्याने वाढले, त्या रोख्यांची बाजारातली किंमत पडली, आणि ठेवीदार पैसे काढायला आले तेव्हा बँकेला ते रोखे तोट्यात विकावे लागले. ही बातमी फुटताच रांग वाढली आणि दोन दिवसांत बँकेला टाळं लागलं. रोखे देणारं सरकार भक्कमच होतं. पैसे लागण्याची वेळ आणि रोख्यांची मुदत यांचा मेळ बसला नाही.

कर्ज घेणारा फेडण्याच्या लायकीचा आहे का, हे पतमानांकन सांगतं. ट्रिपल ए म्हणजे सर्वात भरवशाचा, पुढे उतरत उतरत डी म्हणजे थकबाकीदार. ही अक्षरं उपयोगी आहेत, पण ती माणसांनी दिलेली मतं आहेत. २००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकेतल्या गृहकर्जांवर आधारलेल्या कितीतरी ट्रिपल ए रोख्यांची पत काही महिन्यांत कचऱ्याच्या भावाला आली. एक मात्र नेहमी लक्षात ठेवा: कुणी इतरांपेक्षा बरंच जास्त व्याज देऊ करत असेल, तर त्याला कमी व्याजात कर्ज द्यायला कुणी तयार नाही, हे त्याचं कारण असतं.

इथेच तुमच्या नातेवाइकांच्या योजनेकडे येऊ. दरमहा चार टक्के. ऐकायला लहान वाटतं. पण दर महिन्याचे चार टक्के त्यातच परत गुंतवत गेलं तर वर्षाला ते ६० टक्के होतात. आता प्रश्न विचारा. कोण देणार? योजना चालवणारा. कशातून? एवढं द्यायचं तर त्याने स्वतः ६० टक्क्यांहून जास्त कमावलं पाहिजे, तेही दर वर्षी आणि एकाही महिन्याची चूक न होता. असा धंदा खरोखर ज्याच्या हाती आहे तो बँकेकडून कितीतरी कमी व्याजात कर्ज काढेल. तुमच्याकडे येऊन चार टक्के महिना कशाला देईल? आणि दिले नाहीत तर? तुमच्या हाती कसला कागद आहे, त्यावर कुणाची सही आहे, कुठल्या नियामकाकडे, म्हणजे अशा योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, त्याची नोंद आहे, ते पाहा. ‘विश्वासातला माणूस आहे’ हे या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

१९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून पैसे गोळा करत होता. आंतरराष्ट्रीय टपाल कुपनांच्या खरेदी-विक्रीतून हा नफा येतो, असं तो सांगायचा. त्याच्या आश्वासनांना पुरतील एवढी कुपनं जगात चलनातच नव्हती. तो जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत होता. अशा फसवणुकीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. सुरुवातीच्या लोकांना पैसे वेळेवर मिळतात, तेच इतरांना आणतात, आणि खोटं बोलत नसतात कारण त्यांना खरंच मिळालेले असतात. तुमचे नातेवाईकही कदाचित याच जागी असतील. त्यांच्या हेतूवर शंका न घेता त्यांच्या योजनेवर शंका घेता येते. दुसरं उदाहरण लोकांचे पैसे गुंतवून देतो म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफचं. त्याने डोळे दिपवणारा नफा कबूलच केला नव्हता. त्याचा नफा वर्षाला दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असायचा, पण बाजार पडो की चढो, जवळजवळ न चुकता. डिसेंबर २००८ मध्ये तो पकडला गेला तेव्हा ग्राहकांच्या खातेपत्रकांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर लिहिलेले होते आणि ते नुसते कागदावरच होते. म्हणून नफ्याचा आकडा साधा वाटला तरी ‘हमखास’ आणि ‘दर महिन्याला सारखाच’ हे शब्द एकत्र आले की सावध व्हा. ‘महिनाअखेरपर्यंत सांग’ हा तिसरा इशारा समजा. खरी गुंतवणूक पुढच्या महिन्यातही तिथेच असते.

आता परतावा. पैसे किती वाढले ते टक्क्यांत सांगणं म्हणजे परतावा, एवढं सोपं आहे. पण त्या आकड्यात लपायला जागा बऱ्याच आहेत.

एक जागा सरासरीची. पहिल्या वर्षी ५० टक्के नफा, दुसऱ्या वर्षी ५० टक्के तोटा. सरासरी शून्य, म्हणजे पैसे जिथल्या तिथे? नाही. १०० चे १५० झाले आणि १५० चे ७५. पाव हिस्सा गेला. म्हणून साधी सरासरी न पाहता सीएजीआर पाहायचा, म्हणजे चक्रवाढीने काढलेला वार्षिक वाढीचा दर. या उदाहरणात तो वर्षाला सुमारे उणे १३ टक्के येतो. जाहिरातीत ‘सरासरी परतावा’ असं लिहिलेलं दिसलं तर कुठली सरासरी, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. यातूनच आणखी एक गोष्ट निघते: ५० टक्के पडलेले पैसे मूळपदाला यायला १०० टक्के वाढ लागते.

दुसरी जागा महागाईची. पैशांची रक्कम वाढते आणि तेवढ्याच पैशांत मिळणारी वस्तू कमी होते. ७ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल तर तुमची खरी वाढ दोन टक्क्यांहूनही किंचित कमी, सुमारे १.९ टक्के. हा खरा परतावा. तुमचे खात्यात पडून राहिलेले पैसे ‘काहीच धोका न घेता’ आहेत असं तुम्हाला वाटत असेल. पण खात्यावरचं व्याज महागाईपेक्षा कमी असेल तर ते दर वर्षी थोडे थोडे झिजत आहेत. आकडा कमी होत नाही म्हणून ते दिसत नाही, इतकंच.

तिसरी जागा खर्चाची, आणि हिच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. चक्रवाढीचं गणित आधी पाहा. १०० वर ८ टक्के साधं व्याज ३० वर्षं मिळालं तर ३४० होतात. चक्रवाढीने, म्हणजे व्याजावरही व्याज मिळत गेलं, तर सुमारे १,००६. (पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते काढायची युक्ती: ७२ ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांनी ९ वर्षं.) आता यातून दर वर्षी फक्त एक टक्का खर्च म्हणून गेला, म्हणजे ८ ऐवजी ७ टक्के मिळाले, तर ३० वर्षांनी होतात सुमारे ७६१. एका टक्क्याने जवळपास चौथा हिस्सा खाल्ला! फंड (पुष्कळांचे पैसे एकत्र गुंतवणारी योजना, तिच्याबद्दल पुढे येईलच) चालवण्यासाठी दर वर्षी जो हिस्सा कापला जातो त्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. तो वेगळा मागितला जात नाही, आतल्या आत वजा होतो, त्यामुळे तो जाताना जाणवत नाही. कुठलाही फंड घेण्याआधी हा आकडा शोधाच. पुढच्या वर्षी परतावा किती मिळेल हे कुणालाच ठाऊक नसतं. खर्च किती जाईल हे आधीच छापलेलं असतं.

चक्रवाढ कर्जालाही तितक्याच इमानाने लागू पडते. डोक्यावर क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल असेल तर ते फेडणं हीच तुमची पहिली गुंतवणूक. त्यात वाचणाऱ्या व्याजाएवढा परतावा देणारा शेअर तुम्हाला खात्रीने कुणीही दाखवू शकणार नाही.

जोखीम हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यांची गल्लत होते. एक, किंमत वरखाली होणं. दोन, पैसे कायमचे जाणं. पहिल्यात थांबायला वेळ असेल तर पैसे परत येऊ शकतात, दुसऱ्यात नाही. ‘थांबलं की सगळं भरून येतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते किती थांबायचं, हे सांगत नाही. अमेरिकेचा डाउ जोन्स निर्देशांक, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराची चढउतार दाखवणारा आकडा, सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता. जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. पुन्हा ३८१ गाठायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता आणि तो आकडा त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडला. निर्देशांकाच्या या आकड्यांत लाभांश धरलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष गुंतवणूकदाराची वाट कमी लांबली असेल; आणि जो दर वर्षी थोडं थोडं घालत गेला त्याची आणखी कमी. तरीही सगळे पैसे एकाच वेळी, एकाच देशाच्या बाजारात घालणाऱ्याला किती थांबावं लागू शकतं, हे ठाऊक असलेलं बरं.

म्हणून वैविध्य, म्हणजे पैसे एकाच ठिकाणी न ठेवणं. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये याचं गणित मांडलं आणि त्यासाठी १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या म्हणण्यातलं सामान्यांच्या उपयोगाचं सार असं की नुसत्या बऱ्याच गोष्टी घेऊन भागत नाही. एकाच कारणाने एकदम पडणार नाहीत अशा गोष्टी घ्याव्या लागतात. दहा बँकांचे शेअर घेतले तर ते दहा शेअर झाले, वैविध्य झालं नाही. नोकरदारांसाठी यात एक खास सूचना आहे: ज्या कंपनीत नोकरी करता तिच्याच शेअरमध्ये सगळी बचत ठेवू नका. एन्रॉन कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ९० डॉलरचा तो शेअर २००१ च्या नोव्हेंबरअखेर एका डॉलरखाली आला आणि डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. पगार आणि पुंजी एकाच वेळी बुडाली.

शेअर, रोखे, रोकड, सोनं यांत तुमचे पैसे कसे वाटलेले आहेत ती मालमत्तेची विभागणी; आणि हे सगळं मिळून जे तुमच्याकडे आहे तो पोर्टफोलिओ. हा शब्द भारदस्त वाटतो, पण तुमच्याकडे आज बचत खातं आणि एखादी मुदत ठेव असेल तर तोही पोर्टफोलिओच आहे.

थोड्या पैशांत एवढं वैविध्य आणायचं कसं? त्यासाठी म्युच्युअल फंड. पुष्कळांचे पैसे एकत्र करून फंड शेअर किंवा रोखे घेतो आणि तुम्हाला त्यातले युनिट मिळतात. फंडाकडच्या सगळ्या मालमत्तेतून देणी वजा करून युनिटच्या संख्येने भागलं की येते एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत. ‘नवीन फंड आहे, १० ला मिळतोय, स्वस्त आहे’ असं कुणी म्हणालं तर वरचं शेअरचं उदाहरण आठवा. १० चं युनिट असो की ५०० चं, आत तेच शेअर असतील तर दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वाढतील आणि पडतील.

निर्देशांक म्हणजे निवडक कंपन्यांच्या किमतींवरून काढलेला बाजाराचा एक आकडा. डाउ जोन्सचा औद्योगिक निर्देशांक १८९६ मध्ये १२ कंपन्यांवर सुरू झाला. त्या मूळ यादीतली एकही कंपनी आज त्यात नाही. जनरल इलेक्ट्रिकही २०१८ मध्ये बाहेर पडली. कंपन्या येतात-जातात आणि निर्देशांक चालू राहतो. यावरूनच इंडेक्स फंड निघाला: हुशारीने निवड करायचीच नाही, निर्देशांकात जे आहे ते त्याच प्रमाणात घेऊन ठेवायचं. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य लोकांसाठी असा फंड आणला तेव्हा १५ कोटी डॉलर गोळा करायचं ठरलं होतं, जमले सव्वा कोटीहूनही कमी. त्याला ‘बोगलचा वेडेपणा’ म्हटलं गेलं. पण त्या फंडाला खर्च फार थोडा होता, आणि वरचं एका टक्क्याचं गणित हळूहळू आपलं काम करत राहिलं. आज जगभर प्रचंड पैसा अशा फंडांत आहे. जो फंड व्यवस्थापक स्वतः निवड करतो त्याला सक्रिय म्हणतात, निर्देशांकामागे जाणाऱ्याला निष्क्रिय. सक्रिय फंडांतले बरेचसे दीर्घ मुदतीत आपापल्या निर्देशांकाच्या मागे पडतात, आणि त्यात खर्चाचा वाटा मोठा असतो. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात दिवसभर खरेदी-विक्री होणारा फंड. सुरुवातीला याहून जास्त जाणून घ्यायची गरज नाही.

एसआयपी हे गुंतवणुकीचं नाव नाही, ती पैसे भरायची पद्धत आहे: दरमहा ठरावीक रक्कम. समजा तीन महिने १०० घातले आणि युनिटची किंमत १०, ५, १० अशी होती. तुम्हाला १०, २० आणि १० असे ४० युनिट मिळाले, ३०० मध्ये. म्हणजे एक युनिट साडेसातला पडलं, जरी तीन महिन्यांच्या किमतींची सरासरी ८.३३ होती. किंमत पडली तेव्हा जास्त युनिट मिळाले, एवढीच त्यातली करामत. किंमत पडून वर आलीच नाही तर एसआयपीतही तोटाच होतो. तिचा खरा फायदा शिस्तीचा आहे. आज घालू की उद्या, हा विचारच करावा लागत नाही.

ऑप्शन, फ्यूचर, मार्जिन हे शब्दही कानावर पडतील. यात थोड्या पैशांवर मोठा व्यवहार करता येतो आणि काही व्यवहारांत लावलेल्या रकमेपेक्षा जास्त तोटा होऊ शकतो. शेअरच्या मर्यादित दायित्वाचं संरक्षण इथे मिळेलच असं नाही. सध्या हे बाजूला ठेवा. कुणी आग्रह केला तरी.

राहिली तरलता, म्हणजे एखादी गोष्ट फारसं नुकसान न होता किती लवकर रोख पैशांत बदलता येते. बचत खातं पूर्ण तरल, घर फार कमी. तुमच्या बाबतीत मला हाच शब्द सर्वात आधी महत्त्वाचा वाटतो. नोकरी गेली, आजारपण आलं, तर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम हात लांब केल्यावर मिळेल अशा ठिकाणी हवी. महागाईने ती थोडी झिजेल, झिजू द्या. ती नसेल तर बाजार पडलेला असताना, नेमक्या चुकीच्या वेळी तुम्हाला शेअर विकावे लागतील, आणि सिलिकॉन व्हॅली बँकेसारखी तुमचीही अडचण होईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोणता शेअर चांगला. मी एकही नाव सांगणार नाही. टाळाटाळ म्हणून नव्हे, तर तुमचे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसताना दिलेलं कुठलंही नाव बेजबाबदारपणाचं ठरेल. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये नकोतच, कंपनी कितीही उत्तम असो. दहा-पंधरा वर्षं न लागणाऱ्या पैशांसाठी कमी खर्चाचा, मोठ्या निर्देशांकामागे जाणारा इंडेक्स फंड ही माझ्या मते नवख्यासाठी सर्वात बरी सुरुवात आहे. आणि ३४ हे वय उशिराचं नाही. साठीपर्यंत २६ वर्षं आहेत. ८ टक्क्यांनी पैसे तेवढ्यात साधारण तीनदा दुप्पट होण्याच्या जवळ जातात. ८ टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, वेळ किती मोठा आहे एवढंच दाखवते आहे.

नातेवाइकांना काय सांगायचं याची तुम्हाला चिंता असेल. वाद घालू नका. ‘काका, पैसे कुठल्या धंद्यातून येतात आणि नोंदणीचा कागद कुठे आहे, एवढं लेखी द्या, मग विचार करते,’ असं म्हणा. कागद आला तर नियामकाच्या संकेतस्थळावर त्या नावाची नोंद स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेल्या दुव्यावर जाऊ नका. नोंद सापडली तरी वरचं साठ टक्क्यांचं गणित तसंच उरतं, म्हणून उत्तर नकारच. त्यांनी स्वतः पैसे घातलेले असतील तर निदान मुद्दल काढून घ्यायला त्यांना जरूर सांगा, आणि लवकर सांगा.

मला पुन्हा लिहाल तेव्हा रकमा लिहू नका. फक्त कुठल्या कामासाठी पैसे हवेत आणि ते किती वर्षांनी लागतील, याची यादी पाठवा. पुढचं बोलणं तिथून सुरू करू.